अक्कलकुव्याचे तुकडे पाडणाऱ्या साहेबांस

साहेब,

तुमचं नाव लिहीत नाही. लिहायला बसलो तर एका नावानं भागणार नाही. कधी तुम्ही अंदाजपत्रक करणारे असता, कधी त्यावर सही करणारे. कधी ‘हे काम आपल्या माणसाला द्या’ म्हणून फोन करणारे, तर कधी सिमेंटचा मिक्सर गल्लीच्या तोंडाशी लावून संध्याकाळच्या आत काम उरकणारे. खुर्ची बदलते, बदली होते, पक्ष बदलतो. कामाची रीत तीच राहते. तुम्ही इतकी वर्षं अक्कलकुव्यात कामं केलीत आणि अक्कलकुवा मात्र एकदाही पाहिलं नाहीत, म्हणून हे पत्र.

तुमच्या कामाच्या नावापासूनच सुरुवात करतो. ‘अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत रस्ता काँक्रीटीकरण करणे.’ ‘तमुक यांच्या घरापासून चौकापर्यंत गटार बांधकाम करणे.’ महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या मंजूर कामांची यादी उघडा, पानंच्या पानं अशीच भरलेली असतात. गटार तमुक यांच्या घरापाशी संपतं, कारण मंजूर रक्कम तिथं संपते. पाणी तिथं थांबत नाही. ते पुढच्या ओट्यावर चढतं, उंबरा ओलांडतं आणि चुलीपर्यंत जातं. त्या पुढच्या घरातल्या बाईचं नाव तुमच्या यादीत नाही, तर तिच्या घरात गेलेलं पाणी तुमच्या कुठल्या कागदावर दिसणार?

सिमेंटचा रस्ता कसा करायचा हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे, आणि राग त्याचाच येतो. जुना थर खरवडून काढायचा, खालची माती दाबून घ्यायची, दोन्ही बाजूंच्या घरांची जोती मोजायची, उतार कोणीकडे ठेवायचा ते ठरवायचं, मग काँक्रीट ओतायचं आणि त्याला निदान आठवडा-दोन आठवडे पाणी पाजायचं. या सगळ्यातलं तुम्ही काँक्रीट तेवढं ओतता. जुन्या रस्त्यावर नवा थर, त्यावर पाच-सात वर्षांनी आणखी एक. दर थराला रस्ता वर येतो आणि घर खाली जातं. ज्याच्याकडे पैसा आहे तो भराव टाकून जोतं वाढवतो. ज्याच्याकडे नाही तो दारात विटांचा बांध घालतो, आणि घरातली म्हातारी दिवसातून दहा वेळा तो बांध ओलांडताना भिंत धरते. रस्ता झाला हे खरं. कुणाच्या घरावर झाला, तेही मापात लिहायला हवं होतं.

मग पाण्याची योजना येते. नळ घरोघरी यायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या रस्त्याखालून पाइप जायचा, तो रस्ता पाइपाच्या आधी का झाला? कटर लावून तो मधोमध चिरला जातो, पाइप टाकला जातो, चर मुरुमानं बुजवला जातो आणि पहिल्या पावसात मुरूम वाहून जातो. रस्ता पूर्ववत करण्याची रक्कम अंदाजपत्रकात धरलेली असते, आम्ही वाचली आहे. देयकात ती असते की नाही, आणि असली तर कशाच्या आधारावर, हे मोजमाप पुस्तिकाच सांगू शकेल. ती पुस्तिका तुमच्या कपाटात आहे.

हे असं का होतं याचं उत्तर तुमच्याकडे नेहमी तयार असतं: ‘लेखाशीर्ष वेगळं आहे.’ रस्ता ‘पंचवीस-पंधरा’ या लेखाशीर्षातून, गटार वित्त आयोगातून, पेव्हर ब्लॉक आमदार निधीतून, वस्तीतलं काम ठक्कर बाप्पा योजनेतून, हायमास्ट जिल्हा नियोजनातून, पाइप जलजीवनमधून. प्रत्येक पैशाला त्याचं खातं, त्याचा अभियंता, त्याचा ठेकेदार आणि मार्चअखेरची घाई. त्यातही एका रस्त्याची तीन कामं केली की प्रत्येक काम ई-निविदेच्या मर्यादेखाली बसतं. मर्यादेखाली बसलं की स्पर्धा नको, जाहिरात नको, बाहेरचा माणूस नको. तुकडे पाडण्यामागचं कारण हेच आहे. इतर सगळी कारणं नंतर शोधून काढलेली आहेत. आणि लेखाशीर्ष वेगळं असलं तरी जमीन एकच आहे साहेब, तिच्यावर पडणारा पाऊसही एकच आहे.

अक्कलकुवा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. वरच्या डोंगरावरून उतरणारं पाणी इथं येतं, इथूनच वाट काढतं. वरखेडी नदीला पूर आला की गावाला कळतं आपण कुठं राहतो ते. अशा ठिकाणी गटार बांधण्याआधी पातळ्या घेणं ही पहिली गोष्ट. सरकारला पातळ्या घेता येत नाहीत असं मात्र म्हणू नका. याच तालुक्यातल्या मणिबेलीपर्यंत सरदार सरोवराचं पाणी कुठवर चढणार, हे सरकारनं ठरवलं होतं. धरणाची उंची १३८.६८ मीटर, दशांशाच्या पुढं दोन घरं मोजून. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं त्या आकड्यानं बाधित ठरवली. १९९३ मध्ये मणिबेलीची घरं पाण्याखाली जायला लागली, तेव्हा हे मोजमाप किती पक्कं असतं ते या डोंगरातल्या माणसांनी अंगावर घेऊन पाहिलं. माणसांना उठवायचं होतं तेव्हा राज्याकडे मोजणारी यंत्रं होती, नकाशे होते, समपातळीच्या रेषा होत्या. तीच माणसं बाजाराला अक्कलकुव्याला येतात आणि गुडघाभर पाण्यातून रस्ता शोधतात, तेव्हा तुमच्याकडे एका गटाराचा उतार मोजायलाही माणूस नसतो. या तालुक्याला तुमच्याकडून एवढं तरी येणं आहे.

आता माणसांचं बोलू, कारण तुमची दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी आहे. अक्कलकुवा कुणाचं हेच तुम्ही चुकीचं धरलं आहे. वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीला मिळतो तो मुख्यतः लोकसंख्येवर, आणि ती लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीची. २०२१ ची शिरगणती झालीच नाही, पुढची २०२७ ची. म्हणजे २०११ मध्ये ज्याचं नाव इथं लागलं, त्याच्यापुरतं गटार, त्याच्यापुरतं पाणी, त्याच्यापुरती कचरागाडी. या नोंदीच्या बाहेर कोण राहिलं ते सांगतो.

तालुक्याची लोकसंख्या तेव्हाच सुमारे अडीच लाख होती. मोलगीकडचा, देवगोईच्या घाटापलीकडचा, नर्मदेच्या काठचा माणूस दाखल्यासाठी, खटल्यासाठी, बाळंतपणासाठी, बँकेसाठी, आधारच्या दुरुस्तीसाठी इथंच येतो. तहसील इथं, पंचायत समिती इथं, न्यायालय इथं, ग्रामीण रुग्णालय इथं, एसटीचं आगार इथं. १९७९ मध्ये सुरू झालेल्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूममुळे देशाच्या कानाकोपऱ्यातून हजारो विद्यार्थी येऊन राहतात. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यानं, आता ज्याला राष्ट्रीय महामार्ग म्हणतात त्या रस्त्यानं, रात्रंदिवस गुजरातचे मालट्रक जातात. दिवाळी झाली की वरच्या पाड्यांतली कुटुंबं ऊसतोडीला, कापसाला, सुरतेकडच्या बांधकामांवर जायला निघतात आणि होळीला परत येतात. काठीच्या राजवाडी होळीला तर सगळा सातपुडा लोटतो. या सगळ्यांची वाट अक्कलकुव्यातून जाते. यातल्या कितीजणांसाठी तुम्ही एक नळ बसवलात?

पहाटे पाड्यावरून निघालेली बाई, पाठीला लेकरू बांधून, दोन गाड्या बदलून इथं पोचते. साहेब जेवायला गेले म्हणून दुपारपर्यंत थांबते. तिला लघवीला जायचं असतं. जागा नसते, असली तर कुलूप असतं, कुलूप नसलं तर पाणी नसतं. मी कितीतरी बायकांकडून ऐकलं आहे: तालुक्याला जायचं असलं की आदल्या रात्रीपासून पाणी कमी प्यायचं. ज्या शहरात येण्यासाठी बायका तहान मारतात, त्या शहरात तुम्ही चौकांना सुशोभीकरणाचे कठडे बसवता आणि कठड्यांना रंग देता. या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला माफ करणार नाही. सुशोभीकरणाची एकेक ओळ खोडून तिथं बायकांचं स्वच्छतागृह लिहा. पाण्यासकट, रात्री दिवा लागणारं, आणि रोज साफ करणाऱ्याच्या पगारासकट. बांधकामाला निधी असतो, चालवायला नसतो, हे कारण सांगू नका. पंधराव्या वित्त आयोगानं निधीतला ३० टक्के स्वच्छतेला आणि ३० टक्के पाण्याला बांधूनच दिला, आणि त्या पैशातून देखभालही करता येत होती.

विधानसभेच्या मतदारसंघांच्या यादीत अक्कलकुवा क्रमांक १ वर आहे, आणि राज्यातलं पहिलं मतदान केंद्र मणिबेलीचं. प्रत्येक निवडणुकीला त्याची बातमी येते, होडीतून जाणाऱ्या मतदान पथकाचे फोटो येतात. पहिला क्रमांक देऊन झाला. पलीकडे नर्मदेच्या त्याच पाण्याकाठी केवडियाला १८२ मीटरचा पुतळा उभा राहिला, २०१८ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्याच्यापर्यंत कसे रुंद रस्ते गेले, तेही आमच्या लोकांनी पाहिलं. बरेचजण त्या कामांवर मजुरीला होते. कामं करायची ठरवली की कशी होतात हे या भागाला कुणी शिकवायला नको.

नगरपंचायत झाली की सगळं सुटेल, असं तुमच्यातलेच काही आता म्हणायला लागले आहेत. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं राज्यानं २०१४ मध्ये ठरवलं. शेजारच्या धडगावची झाली, तिथं नगरपंचायतीची निवडणूकही झाली. अक्कलकुवा ग्रामपंचायतच राहिलं. या प्रश्नावर मी घाईनं हो म्हणणार नाही. हा सगळा तालुका पाचव्या अनुसूचीतला. संविधानाच्या २४३ झेडसी कलमानं नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्रांना लागूच होत नाही. तो कसा लागू करायचा त्याचा कायदा संसदेनं करायचा आहे. भुरिया समितीनं १९९५ मध्ये त्याबद्दल अहवाल दिला, २००१ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, आणि ते तिथंच थांबलं. तो कायदा नसताना नगरपंचायत आली तर पेसा कायद्यानं ग्रामसभेला दिलेले अधिकार हातचे जातात, आणि त्या जागी प्रभाग येतात, ठेकेदार नगरसेवक येतात, घरपट्टी वाढते. नाव मोठं करून हात कापून घ्यायचे असतील तर आम्हाला नाव नको. शहरासारखी आखणी हवी आहे, आणि ती ग्रामसभेच्या मंजुरीनं हवी आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र होऊ शकतात. झालेल्या नाहीत, कारण तुम्हाला त्यातली एकही नको आहे.

तुम्ही म्हणाल, लोकच रस्ता मागतात. हो, मागतात. ज्याच्या दारात चिखल आहे तो आधी रस्ताच मागणार. रस्त्याच्या आधी गटार आणि गटाराच्या आधी उतार, हे सांगण्यासाठीच तुम्हाला अभियंता म्हणून नेमलं आहे; ते सांगण्याचाच पगार आहे. लोक गटारावर ओटे बांधतात, दुकानदार पायऱ्या पुढं काढतात, कचरा सरळ गटारात लोटतात, हेही खरं आहे, आणि त्यांना मी रोज तोंडावर सांगतो. पण अतिक्रमण काढायला तुम्ही निघता तेव्हा पक्की पायरी तशीच राहते, भाजीचं पोतं अंथरून बसलेली पाड्यावरची बाई मात्र उठते. तिच्या टोपलीला धक्का लावणारी गाडी पक्क्या पायरीपाशी कधी वळत नाही. त्यामुळे त्या मोहिमेचं कौतुक माझ्याकडून होणार नाही.

लहान गावाला जमत नाही, असंही ऐकवलं जातं. सिंधुदुर्गातलं वेंगुर्ला २०११ च्या शिरगणतीत बारा हजारांच्या आसपास होतं. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना त्या गावानं घराघरात कचरा वेगळा करायला लावला, ओल्याचा बायोगॅस केला, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात वापरलं, आणि कचरा डेपोची जागा लोक बघायला येतात अशी केली. कऱ्हाडजवळच्या मलकापूरनं घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं. ही काही मुंबई-पुण्याची गावं नाहीत. तिथं कुणीतरी एका कागदावर सगळं गाव काढलं: कुठून पाणी येतं, कुठं जातं, कचरा कुठं निघतो, कुठं पडतो. मग पैसा कुठल्याही लेखाशीर्षातून आला तरी तो त्या कागदावर जाऊन बसला.

अक्कलकुव्याचा असा एक कागद करायचा आहे. त्यावर प्रत्येक गल्लीची पातळी, प्रत्येक जोत्याची उंची, गटाराचं तोंड कुठं आणि शेवट कुठं, जमिनीखालचे पाइप, विजेचे खांब, आठवडे बाजाराची जागा, बायकांची स्वच्छतागृहं, पाण्याचे नळ, एसटीला थांबणाऱ्यांसाठी सावली. सोरापाड्यासकट, कारण पाणी ग्रामपंचायतीची हद्द पाहत नाही. लोकसंख्येच्या रकान्यात रोज येणारी माणसं धरा. आगारात रोज किती गाड्या येतात आणि रुग्णालयात किती केसपेपर निघतात हे तुमच्याच नोंदीत आहे. तो नकाशा ग्रामसभेत मराठीबरोबर भिलीतही समजावून सांगा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यानं वाचून दाखवलं आणि सगळ्यांनी अंगठा दिला, एवढ्यावर तो मंजूर झाला असं आम्ही धरणार नाही.

आणि हे तुम्ही आमच्यावर उपकार म्हणून करायचं नाही. १९९६ च्या पेसा कायद्याचं चौथं कलम काढून बघा. अनुसूचित क्षेत्रात योजना, कार्यक्रम, प्रकल्प सुरू करण्याआधी ग्रामसभेची मंजुरी लागते, आणि खर्च झालेल्या निधीचं वापर प्रमाणपत्र पंचायतीनं ग्रामसभेकडून घ्यायचं असतं. आजवर ती प्रमाणपत्रं तुम्ही कुणाकडून घेतलीत? ग्रामसभेच्या इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ हा शब्द किती वेळा आला आणि त्या दिवशी सभेला किती माणसं होती, हे आम्ही आता तपासत आहोत. यापुढं पातळ्या दाखवल्याशिवाय, दोषदायित्वाचा कालावधी आणि ठेकेदाराचं नाव फलकावर लिहिल्याशिवाय, आणि फोडलेला रस्ता पूर्ववत केल्याशिवाय प्रमाणपत्राला आमचा हात वर होणार नाही. ते लिहून घ्या, वरच्या साहेबांनाही कळवा.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला मोजमाप पुस्तिका घेऊन या. आणायला अवघड वाटली तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज कार्यालयात दिला आहे, पोच आमच्याकडे आहे. त्या कायद्यात केलेल्या कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. आमच्या गल्लीतल्या रस्त्याचा नमुना मागितला आहे, वरपासून सगळ्या थरांचा, खालची माती लागेपर्यंत. काढायला येण्याची तारीख कळवा. घराघरातली माणसं त्या दिवशी कामावर जाणार नाहीत.

अक्कलकुव्याचा एक रहिवासी